सोनेरी सोफा आणि आजेसासूबाईंचा पलंग

लग्नसराई तोंडावर आली की डोंबिवली-कल्याणकडच्या घरांतून रविवारची एक वारी निघते. कोणी उल्हासनगरचा फर्निचर बाजार गाठतं, कोणी कल्याण-शीळ रस्त्यानं दुकानं बघत बघत शीळफाट्यापर्यंत जातं. वाहनांच्या रांगेत जीव मेटाकुटीला येतो खरा, पण नव्या सुनेसाठी दिवाणखाना सजायलाच हवा! आणि मग दुकानाच्या दर्शनी काचेमागे तो हमखास दिसतो. सोनेरी सोफा. पाठीवर पानाफुलांचा मुकुट, हातांना वळसे, पाय वाघाच्या पंजासारखे, वर मखमल आणि मखमलीत रुतवलेली चकाकती बटणं. दुकानदार त्याला कधी ‘महाराजा’ म्हणतो, कधी ‘रॉयल’, आणि अलीकडे ‘बरोक’.

याच सोफ्यावरून डोंबिवलीच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोरल्या मुलाचं लग्न ठरलंय. घर दोन खोल्यांचं. मुलाला असा सोफा हवा आहे. दुकानदार म्हणाला, जुनं काही असेल तर द्या, तेवढे पैसे वजा करू. घरात जुनं म्हणजे आजेसासूबाईंचा पलंग. काळ्या लाकडाचा, चारी खांब पिळाचे, उशाशी नक्षी. आजेसासूबाई गोव्याच्या, फोंड्याकडच्या. त्यांच्या लग्नात तो आला. दुकानदाराचा माणूस बघून गेला आणि म्हणाला, किलोवर घेऊ. मुलगा म्हणतो, “आई, जागा अडवून बसलंय ते धूड.” यजमान काही बोलत नाहीत. शेवटी ताई लिहितात, “दोन्ही बाळंतपणांत सव्वा सव्वा महिना मी त्याच पलंगावर निजले. पण हे कारण घरात सांगायची लाज वाटते.”

अहो, लाज कसली? ते कारण पुरेसं आहे. पण घरातल्या पुरुषांना ते पुरेसं वाटत नसेल तर दुसरी कारणं मी देते. गंमत अशी की दुकानातल्या सोफ्याला ‘बरोक’ म्हणतात, आणि बरोकची खरी नातलग मात्र बहुधा तुमच्या आतल्या खोलीत उभी आहे!

आता हे बरोक म्हणजे काय? वेडावाकडा, ओबडधोबड मोती असतो ना, त्याला पोर्तुगीज भाषेत ‘बार्रोको’ म्हणतात. त्यावरूनच हे नाव पडलं असं बहुतेक जाणकार मानतात. साधारण १६०० सालाच्या सुमारास रोममध्ये ही शैली आकाराला आली. त्याआधीची कला शांत, मोजूनमापून बसवलेली. बरोकला शांत बसणं ठाऊकच नाही. खांब सरळ असेल तर त्याला पीळ देणार, कडा सपाट असेल तर तिला लाटेसारखी वळवणार, जिथे जागा दिसेल तिथे वेली, फळांचे घोस, पंखवाली बाळं. आणि वर सोनं. देवळात पाऊल टाकताच माणसाचे डोळे दिपले पाहिजेत, ही त्यामागची इच्छा. रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये बर्निनी नावाच्या शिल्पकारानं १६२४ ते १६३३ या काळात वेदीवर एक कांस्याचं छत्र उभारलं. सुमारे पंचाण्णव फूट उंच, आणि त्याचे चारी खांब पिळाचे. दोरीला पीळ घालावा तसे. तिथून पुढे पिळाच्या खांबांची जणू साथच पसरली. चर्चमधून ते राजवाड्यांत गेले, राजवाड्यांतून टेबलांच्या नि खुर्च्यांच्या पायांत उतरले.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं तर व्हर्सायच्या महालात भरीव चांदीची टेबलं आणि दिव्यांची झाडं करवून घेतली होती. पण १६८९ साली लढाईला पैसा कमी पडला आणि ती सगळी वितळवून नाणी पाडली. म्हणजे बघा, अडीअडचणीला पाटल्या मोडाव्या लागतात त्या काही आपल्यालाच नाहीत! राहिलं ते लाकूड. त्याच्या पदरी बूल नावाचा एक कारागीर होता. कासवाच्या पाठीचं कवच आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून तो दोन्ही एकदमच बारीक करवतीनं कापायचा. मग कवचाच्या भोकात पितळेची वेल बसवायची आणि उरलेल्या पितळेत कवचाची. दोन रंगांचे कापड एकत्र कातरून अदलाबदलीनं शिवलं की दोन उलटसुलट नमुने मिळतात, अगदी तसंच. एका कापण्यात दोन कपाटांची सजावट, तुकडा वाया नाही. या हिशेबी हातांना तुम्ही-आम्ही ओळखू, नाही का?

पण आपल्याला फ्रान्सपर्यंत जायचं कारणच नाही. बरोक आपल्या शेजारी येऊन राहून गेलं आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५३४ मध्ये वसई मिळवली. आपलं ठाणंही त्यांच्याच ताब्यात होतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही त्या आहेत. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या आता भिंती आणि कमानी तेवढ्या उभ्या आहेत. लाकूडकाम बघायचं तर गोव्यालाच जायला हवं.

तुमच्यापैकी कितीतरी जणी मंगेशीला, शांतादुर्गेला कुळाचार करायला जातात. पुढच्या खेपेला अर्धा दिवस जुन्या गोव्यासाठी ठेवा. बॉम जेझुस चर्च १६०५ मध्ये वापरात आलं. बाहेरून नुसता लाल जांभा दगड. आत गेलात की समोर वेदीची अख्खी भिंत सोन्यानं झळाळते, आणि तिच्यावर तेच पिळाचे खांब. ते सोनं म्हणजे लाकडावर चढवलेला वर्ख. आधी लाकूड कोरायचं, मग सरस आणि खडूच्या पुडीचा पातळ लेप थरावर थर द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा, त्यावर तांबूस मातीचा हात फिरवायचा आणि मग मिठाईवर लावतो तसा, पण सोन्याचा, वर्ख बसवून गुळगुळीत दगडानं घोटायचा. जुन्या सोनेरी कामाची कड झिजली की खालून ती तांबडी माती डोकावते. ही खूण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि हे कोरलं कुणी? पोर्तुगालहून नमुने आले, छापील चित्रं आली, काही कारागीरही आले. पण हातोडी-पटाशी बहुतेक इथल्याच सुतारांच्या हातात होती. त्यांतले काही ख्रिस्ती झालेले, काही हिंदूच राहिलेले. हिंदू कारागिरांकडून चर्चच्या वस्तू करवून घेऊ नयेत असा हुकूम १५६७ च्या धर्मसभेत काढावा लागला. याचा अर्थ काय, तर त्या करवून घेतल्या जात होत्याच! कामाला हात हवेत आणि चांगले हात शेजारच्या आळीत आहेत, तर हुकूम किती दिवस चालणार?

या हातांनी केवळ परक्यांची नक्कल केली नाही. सतराव्या शतकात गोव्यात उंच चौरंगावर ठेवायची कपाटं होत असत. त्यांना खणच खण, सागावर शिसवी आणि आबनुसाची जडणघडण, मध्येमध्ये हस्तिदंताचे ठिपके. लंडनच्या आणि लिस्बनच्या संग्रहालयांत ती जपून ठेवली आहेत. त्या कपाटांचे पाय पाहिलेत तर थबकाल. पोर्तुगीज त्यांना जलपरी म्हणत असतील, पण कमरेखाली वेटोळं घातलेली ती बाई आपल्याला सरळ नागकन्या दिसते. युरोपातल्या कपाटाला कोकणातल्या सुतारानं आपल्या देवळातले पाय दिले! मला विचाराल तर तिथेच ते कपाट बरोकपेक्षा मोठं झालं.

फर्निचर प्रत्यक्ष घरात मांडलेलं बघायचं असेल तर दक्षिण गोव्यातल्या चांदोरला मिनेझिस ब्रागांझांचा वाडा आहे. पाहुण्यांना तो आतून दाखवतात. नाचाचं दालन, झुंबरं, भिंतीशी ओळीनं कोरीव खुर्च्या. अर्थात तिथलं सगळं बरोक नाही. पिढ्यान्‌पिढ्या भर पडत गेली, एकोणिसाव्या शतकातलंही पुष्कळ आहे. घर असंच भरतं, आपलंही. त्याच शतकात मुंबईतही शिसवी लाकडाचं ठासून कोरलेलं सामान होऊ लागलं. पारशी घरांतून, गिरगावातल्या सुखवस्तू वाड्यांतून ते वापरात होतं. म्हणजे तुमच्या पलंगाचा पीळ ही काही एकट्यादुकट्या सुताराची लहर नव्हे. आजेसासूबाईंच्या काळापर्यंत हे वळण गोव्याच्या सुताराच्या हातात इतकं मुरलं होतं की, ते रोमहून निघालं हे त्याच्या गावीही नसेल.

आता ताई, एक विजेरी घ्या आणि पलंगाखाली चक्क आडव्या व्हा. तो माणूस वरून बघून गेला ना? तुम्ही खालून बघा. दिसणार नाही ती बाजू कुणी फार गुळगुळीत करत नाही, म्हणून तिथे हत्याराच्या खुणा राहतात. रंध्याच्या उथळ लाटा, पटाशीचे तुटक घाव. बोट फिरवलं की कळतात. यंत्रावर कापलेलं लाकूड खालूनही सरसकट एकसारखं असतं.

मग खांब बघा. पिळाचा खांब हातानं करणं म्हणजे किती कष्ट, त्याची कल्पना करा. कातारी आधी चरकावर लाकूड गोल उतरवतो. मग त्यावर दोरा किंवा कागदाची पट्टी तिरकी गुंडाळून पिळाची रेघ आखतात, रेघेवर करवतीनं खाच पाडतात आणि पटाशीनं, कानशीनं एकेक वळसा काढतात. एक घाव चुकला की सगळा खांब वाया. म्हणून दोन वळशांमधलं अंतर तंतोतंत सारखं नसतं, उन्नीस-बीस असतंच. आणखी एक गंमत बघा. मनापासून काम करणारा कारागीर उजव्या खांबाचा पीळ एका दिशेनं देतो आणि डाव्याचा उलट दिशेनं, म्हणजे जोडी आरशासारखी समोरासमोर येते. यंत्रावरचे खांब बहुतेक वेळा एकाच दिशेचे असतात, कारण दिशा बदलायची तर यंत्र नव्यानं लावावं लागतं. तुमच्या पलंगाचे खांब समोरासमोर वळले असतील तर मुलाला बोलावून दाखवाच.

नक्षीतलं एखादं पान धरा आणि लाकडाच्या रेषा कशा जातात ते पाहा. त्या पानातून आरपार खालच्या फळीत गेल्या असतील तर पान त्याच फळीतून कोरून काढलेलं आहे. पानाशी रेषा तुटली तर ते वरून चिकटवलेलं. सांधे बघा. जुन्या कामात एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून आडवी लाकडी खुंटी ठोकलेली असते. खिळे-मळसूत्रं दिसली तरी घाबरू नका, मधल्या काळात कुणीतरी डागडुजी केली असेल.

राहिलं लाकूड. काळं दिसतं ते सगळं शिसवी नसतं. सागाला काळपट पॉलिश द्यायची पद्धत होती. खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, पॉलिशचा नखाएवढा भाग घासून काढा. आत जांभळट तपकिरी रंग आणि त्यात काळसर रेघा असल्या तर शिसवी, सोनेरी पिवळट तपकिरी असला तर साग. दोन्हींपैकी काहीही निघालं तरी ते किलोवर द्यायची वस्तू नव्हे! बाजारात हिंदीतून ‘शीशम’ म्हणून विकतात ते शिसवीचं भाऊबंद, पण वेगळं झाड. त्यालाच शिसवी म्हणून भाव लावणारे असतात, तेव्हा सावध.

आता त्या सोनेरी सोफ्याकडे वळू. मी त्याची वैरीण नाही. हौसेला मोल नसतं, आणि मुलाच्या लग्नात हौस करायची नाही तर कधी? फक्त त्याला बरोक म्हणून जादा पैसे मोजू नका. बाकदार पाय, शिंपल्यांची नक्षी, डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच असा तोल, हे सारं बरोकच्या नंतर फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या काळात आलेल्या रोकोको शैलीतलं. बटणं रुतवलेली पाठ एकोणिसाव्या शतकातली. दुकानातल्या सोफ्यात या सगळ्यांची मिसळ असते. मिसळ चवदार असू शकते, पण तिला पुरणपोळीचा भाव कशाला?

सोनं बघताना मघाची खूण आठवा. तिथे वर्ख नसतो, सोनेरी रंगाचा फवारा असतो, आणि दोन पावसाळ्यांत तो हातांवर काळवंडतो. नक्षीवर नखानं टकटक करा. लाकूड असेल तर ठस आवाज येतो. फायबरची किंवा भुसा नि राळेची ओतीव नक्षी पोकळ वाजते. ओतीव नक्षीची आणखी एक खूण म्हणजे एका पानाला खोट असेल तर तीच खोट प्रत्येक पानाला असते, सगळी एकाच साच्यातली म्हणून. सहारनपूरचं हातानं कोरलेलं सामानही आपल्याकडे येतं, ते मात्र आदरानं बघावं. तिथले कारागीर पिढीजात आहेत.

सोफ्याच्या बुडाला काळं कापड ठोकलेलं असतं. ते एका कोपऱ्यात उचलून दाखवायला सांगा. दुकानदार कुरकुरला तर तेच उत्तर समजा. आत सांगाडा कशाचा आहे, कोपऱ्यांना तिकोनी ठोकळे लावून मळसूत्रांनी आवळलंय की नुसते खिळे ठोकलेत, ते बघायचं. मग पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पुढचा पाय पाठोपाठ जमिनीवरून सुटला तर सांगाडा घट्ट. तो जमिनीला तसाच चिकटून राहिला तर सोफा कमरेत खिळखिळा आहे, मग वर कितीही मखमल असो. आणि पावतीवर लाकडाचं नाव लिहून मागा. तोंडी ‘सागवान’ म्हणणारे कागदावर काय लिहितात ते वाचण्यासारखं असतं!

मखमलीबद्दलही एक शब्द. आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल लावायची पद्धत. उंच पाठीच्या मखमली सोफ्यावर पहिल्या महिन्यातच डोक्याएवढे डाग पडतात. शिवाय मोजमाप. बरोक सामान घडलं ते मोठ्या दालनांसाठी. दहा बाय बाराच्या खोलीत सात फुटी सोफा आला तर माणसांनी आडवं चालायचं का? दार, जिना आणि लिफ्ट मोजल्याशिवाय बयाणा देऊ नका.

ताई, माझं मत विचारलंत तर पलंग ठेवा आणि सोफा साधा घ्या. सुटसुटीत सागवानी बैठक, दोन खुर्च्या. असे जुने पलंग बहुधा सुटे होतात, खुंट्या काढल्या की खांब, उशाची फळी, बाजूच्या पट्ट्या वेगळ्या. जाणत्या सुताराला बोलावून पाहा. खोली लहान असेल तर मच्छरदाणीच्या उंचीचे खांब कापू मात्र देऊ नका. त्यापेक्षा तेवढे सोडवून जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवा, सुतार खालचा पलंग तेवढा उभा करून देईल. जागा अगदीच नसेल, द्यायचाच असेल, तर चार बाजूंनी आणि खालून मोबाइलवर फोटो काढा, मुंबईच्या चोर बाजारातल्या जुन्या सामानाच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना वेगवेगळे दाखवा, आणि भाव ऐकून एकाही जागी लगेच हो म्हणू नका. सोफ्याच्या दुकानात तर तो देऊच नका. त्यांना सोफा विकायचा आहे, पलंगाची किंमत करायची नाही.

आणि मुलाला ती बाळंतपणाची गोष्टही सांगून टाका. तोच निजला होता ना तुमच्या कुशीत त्या पलंगावर! येणाऱ्या सुनेलाही ऐकू दे.

ठेवायचं ठरलं तर थोडी निगा. नक्षीतली धूळ ओल्या फडक्यानं पुसू नका, खाचांत चिखल होऊन बसतो. दाढीचा जुना मऊ ब्रश कोरडा फिरवा. जुनं पॉलिश लाखेचं असतं, त्याला पाणी आणि स्पिरिट दोन्ही वर्ज्य. पावसाळ्यात पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहतील. पायाशी रोज ताजा बारीक भुसा पडलेला दिसला तर लाकूड पोखरणारा किडा जिवंत आहे असं समजा. घरगुती उपायांत वेळ न घालवता जाणकाराला बोलवा.

चकाकी गेली असेल तर मधमाश्यांचं मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा, खाली उतरवून गॅसपासून अगदी लांब, खिडकीशी नेऊन त्यात टर्पेंटाइन घाला, आणि मलमासारखं झालं की मऊ मलमलीनं अगदी पातळ चोळा. अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं पुसून काढा. टर्पेंटाइन लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा. आणि पहिला हात पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. रंग उतरला नाही, चिकटपणा आला नाही, तरच पुढच्या बाजूला घ्या.